मुलाखतीत ‘मोटिव्हेशन’ विचारतात तेव्हा

प्रश्न: ताई, मी मेडिकल आयसीयूत स्टाफ नर्स आहे. सहा वर्षं झाली. गेल्या काही महिन्यांत दोन ठिकाणी मुलाखती दिल्या, दोन्हीकडून नकार आला. दोन्हीकडे एकच प्रश्न आडवा आला, ‘या कामात तुम्ही स्वतःला मोटिव्हेटेड कसं ठेवता?’ मी सांगितलं, ‘रुग्णसेवा ही माझी आवड आहे, रुग्णाच्या चेहऱ्यावरचं हसू हीच माझी प्रेरणा.’ पहिल्या ठिकाणी मॅडमनी ते कागदावर टिपूनसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या ठिकाणी सरांनी विचारलं, ‘आयसीयूतले किती रुग्ण हसतात?’ मला काही सुचलंच नाही. खरं सांगू का, मी थकले आहे. नाइटला जाताना पाय जड होतात. माणसं कमी, कौतुक तर नाहीच. मध्यंतरी एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारे बेडसोअर वाढायला लागले म्हणून मी एक वही सुरू केली, कूस कधी बदलली, टाचा कशा दिसतात ते लिहायला. आता तिन्ही ड्यूट्या तीच वही वापरतात, पण ती कुणी सुरू केली हे कुणाला आठवतही नाही. अशा मनःस्थितीत ‘मी खूप मोटिव्हेटेड आहे’ म्हणायचं म्हणजे धडधडीत खोटं बोलल्यासारखं वाटतं. पुढच्या आठवड्यात तिसरी मुलाखत आहे. काय बोलू? आणि पगार वाढावा म्हणून नोकरी बदलतेय हे सांगितलं तर चालतं का?
तुमची, वहीवाली सिस्टर

उत्तर:

प्रिय वहीवाली सिस्टर,

त्या सरांच्या शेजारी मी बसले असते तर मीही तेच विचारलं असतं, कदाचित जरा गोड आवाजात. तुझा रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो, गुंगीत असतो, तोंडात नळी असते. बरा होऊन वॉर्डात गेलेला माणूस पुढे तुला ओळखतही नाही. हे तुला माहीत, समोर बसलेल्यांनाही माहीत, तरी उत्तरात हसरा चेहरा आला, कारण तो सगळ्यांच्याच उत्तरात येतो. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बरीच वर्षं बसले आहे. दुपारपर्यंत ‘सेवा’, ‘आवड’ आणि ‘हसू’ इतक्यांदा कानावरून जातं की पेन आपोआप खाली ठेवलं जातं. त्या मॅडमचा राग मानू नकोस. तुझं उत्तर वाईट नव्हतं, पण आयुष्यात कधी कुणाची कूस बदलून न दिलेला माणूसही ते जसंच्या तसं देऊ शकला असता. मग लिहून काय घ्यायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला तुझ्या अंतर्मनात शिरायचं नसतं. त्याच्या डोळ्यांसमोर ड्यूटीचा तक्ता असतो. मेट्रन, म्हणजे नर्सेसची प्रमुख, विचार करत असते की हिला दोन महिने शिकवून तयार करायचं आणि ही आठव्या महिन्यात राजीनामा देणार का. डॉक्टरांच्या मनात वेगळंच चाललेलं असतं: पहाटे चारला मॉनिटरचा अलार्म वाजला तर ही आधी पेशंटकडे बघेल, की बटण दाबून तो गप्प करेल? एचआरवाल्याला नातेवाइकांच्या तक्रारींची धास्ती असते. थोडक्यात, वाईट दिवशी तू कशी वागतेस हे त्यांना हवं असतं. चांगल्या दिवशी सगळेच चांगले वागतात, त्याची चौकशी करायला मुलाखत लागत नाही.

तेव्हा ‘मला कशाने उत्साह येतो’ याचा शोध घेत बसू नकोस. उत्साह आटला होता त्या दिवशीसुद्धा मी अमुक एक काम सोडलं नाही, असं तुझ्याकडे काय आहे ते शोध. तुझ्या बाबतीत फार शोधावंही लागत नाही. ते तू पत्रात लिहिलं आहेस, फक्त तक्रार म्हणून लिहिलं आहेस.

ती वही.

तुझं उत्तर साधारण असं होऊ शकतं. पाठ करण्यासाठी देत नाहीये, बोलण्याचा घाट कळावा म्हणून देते:

‘आयसीयूत पेशंट स्वतः काही सांगू शकत नाही. माझं काम नीट झालंय की नाही हे मला त्याच्या अंगावरूनच कळतं. मध्यंतरी आमच्याकडे बेडसोअर वाढले होते. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीकडे पेशंट सोपवताना, “पोझिशन दिली आहे” एवढंच सांगितलं जायचं. कधी दिली, कोणत्या कुशीवर, हे राहून जायचं. मी एक वही ठेवली. वेळ, कूस, माकडहाडाची जागा आणि टाचा, असे चारच रकाने. सुरुवातीला एकटीच भरत होते. मग नाइटच्या सिस्टर भरायला लागल्या, कारण त्यांनाही ओव्हर घेताना सोपं पडायला लागलं. आता तिन्ही ड्यूट्यांत ती चालते. अगदी कंटाळून ड्यूटीवर आले तरी मी आधी वही उघडते आणि पहिल्या बेडपासून टाचा बघत जाते. एखादी लालसर दिसली तर पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवते. एवढं होईपर्यंत माझं डोकं कामात आलेलं असतं.’

वाचून बघ, दीड मिनिटाच्या आत बसतं. यात ‘प्रेरणा’ एकदाही आली नाही, तरी तिघांनाही त्यांचं उत्तर मिळालं. मेट्रनला कळलं की ही सांगितल्याशिवाय काम उचलते. डॉक्टरांना कळलं की ही पेशंटकडे बघते. एचआरवाल्याला बहुधा टाचांचं काही कळलं नसेल, पण बाकी दोघं माना डोलावताना दिसले की तोही डोलावतो.

इथे एक धोका आहे. ‘मग बेडसोअर कमी झाले का?’ असा पुढचा प्रश्न येणारच. आकडा माहीत असेल तर सांग. नसेल तर ‘पन्नास टक्क्यांनी कमी झाले’ असं ठोकून देऊ नकोस, कारण त्याच्या पुढचा प्रश्न ‘आधी किती होते?’ हा असतो, आणि तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते. तुझ्याकडे आठवडा आहे. वहीतली पानं चाळून, वही सुरू झाल्यापासून नव्याने किती जखमा झाल्या ते मोज. आधीची नोंदच नसेल तर तसं सांग: ‘आधी लिहिलं जात नव्हतं, म्हणून तुलना करता येत नाही. आता लिहिलं जातं, हाच पहिला फरक.’ मोजमापाबद्दल असं सरळ बोलणारा उमेदवार मला कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

मुलाखतीच्या तयारीचे क्लास घेणारे तुला ‘स्टार’ नावाची पद्धत शिकवतील: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, या क्रमाने बोला. पद्धत चांगली आहे, वरचं उत्तरही ढोबळमानाने त्याच वळणाचं आहे. माझी हरकत शेवटच्या पायरीवर आहे. त्या चौकटीत प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड करावा लागतो, आणि आपल्या कामात तसं होत नाही. सगळं नीट करूनही पेशंट जातो. अशा गोष्टीला ओढूनताणून यशाचा शेवट लावलास तर अनुभवी माणसाला ते लगेच कळतं.

माझ्या नमुन्यात ‘मला समाधान मिळतं’ हे वाक्य कुठे नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम गाळलं. ॲडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन या संशोधकांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला नेहमी आठवतो. त्यांनी हॉस्पिटलात साबण आणि सॅनिटायझरच्या डब्यांजवळ दोन प्रकारच्या पाट्या लावल्या. एकीवर मजकूर असा की हात स्वच्छ ठेवल्याने तुम्हाला आजार होत नाहीत. दुसरीवर, हात स्वच्छ ठेवल्याने रुग्णांना आजार होत नाहीत. ‘तुम्हाला’वाल्या पाटीने काही फरक पडला नाही, ‘रुग्णांना’वाल्या पाटीजवळ मात्र साबण जास्त वापरला गेला. आपल्याला काही होणार नाही अशी आपल्या क्षेत्रातल्या लोकांची खात्रीच असते, पेशंटबद्दल तशी खात्री नसते. मुलाखतीतही हेच धर. स्वतःच्या भावनांबद्दल बोललीस की ऐकणाऱ्याला त्या तपासता येत नाहीत. पेशंटला काय झालं असतं आणि काय झालं नाही, हे सांगितलंस की त्याला चित्र दिसतं.

आणि ‘कुणी श्रेय दिलं नाही’ या दुःखाबद्दल. ते खरं आहे आणि मुलाखतीत ते काढायचं नाही. पण तुझ्यापुरतं सांगते. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोघी संशोधकांनी २००१ साली एक लेख लिहिला, त्यात हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांचं उदाहरण आहे. काम तेच, फरशी तीच. काहींच्या मते त्यांचं काम फक्त पुसण्याचं. इतर काही जण मात्र पेशंटशी दोन शब्द बोलायचे, नातेवाइकांना वाट दाखवायचे, नर्सेसच्या कामाचा अंदाज घेऊन आपली वेळ ठरवायचे, आणि आपण पेशंट बरा करण्याच्या कामात आहोत असं मानायचे. हे त्यांना कुणी लिहून दिलेलं नव्हतं, त्यांनी आपलं काम आपल्या हाताने वाढवलं होतं. वही ठेवून तू तेच केलंस, आणि तेही थकलेली असताना. ‘मी मोटिव्हेटेड नाही’ हे तुझं म्हणणं मला म्हणूनच अर्धंच पटतं.

अर्धंच, कारण उरलेलं अर्धं गंभीर असू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी गोष्ट, असं तिचं वर्णन आहे. तिची गणना आजारांत केलेली नाही, ती कामाशी संबंधित बाब मानली आहे. खुणा तीन सांगितल्या आहेत: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. स्वतःला या तिन्हींवर तपासून बघ. पाय जड होतात, म्हणजे पहिली खूण आहे. दुसरी? पेशंटला तू मनातल्या मनात ‘सात नंबर’ म्हणायला लागली आहेस का? नातेवाइकाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की आतून काय उमटतं? तिसरी खूण मला तुझ्या पत्रात दिसली नाही. तुला आपल्या कामाची किंमत कळते, म्हणून तर ती वही कुणी विसरलं याचं वाईट वाटतं.

दोन-चार दिवसांच्या सुट्टीनंतर बरं वाटत असेल तर माणसं कमी असलेल्या जागेने तुला दमवलं आहे, आणि जागा बदलण्याचा विचार योग्य आहे. सुट्टीतही झोप लागत नसेल, कारण नसताना रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मुलाखतीच्या आधी डॉक्टरांना भेट. आपण पेशंटला हे सहज सांगतो, स्वतःच्या बाबतीत मात्र सगळं अंगावर काढतो. नवीन जागेत तोच थकवा घेऊन गेलीस तर तीन महिन्यांत ती जागाही जुनी वाटायला लागेल.

आता थकव्याबद्दल मुलाखतीत काय बोलायचं. ‘तुम्हाला कधी बर्नआउट झालंय का?’ असं हल्ली थेट विचारतात. ‘कधीच नाही’ हे सगळ्यात वाईट उत्तर. सहा वर्षं आयसीयूत काढून न थकलेली सिस्टर समोर बसली, तर मला वाटेल की हिला एकतर कळत नाही किंवा ही सांगत नाही, आणि दोन्ही पेशंटसाठी धोक्याचंच. दुसऱ्या टोकाचं उत्तर म्हणजे सगळं मन मोकळं करणं. तेही नको. तुझे वैद्यकीय तपशील, घरातल्या अडचणी, कुणी काय म्हणालं, हे सांगायला तू बांधील नाहीस. मधला मार्ग असा: थकवा येतो हे मान्य, तो आलाय हे मला कशावरून कळतं ते सांगते, आणि मग मी काय करते तेही सांगते. उदाहरणार्थ, ‘सलग नाइट झाल्या की माझं चार्टिंग, म्हणजे पेशंटच्या नोंदी लिहिणं, मागे पडायला लागतं. ती माझी खूण. मग मी औषधं काढताना मुद्दाम मोठ्याने वाचते, शंका आली तर शेजारच्या सिस्टरला डोस बघायला लावते, आणि पुढचा तक्ता लागण्याआधी इन्चार्जना सांगते.’ यातलं तू खरंच जे करतेस तेच बोल. करत नसशील तर माझं वाक्य उचलू नकोस, उद्यापासून करायला लाग आणि पुढच्या मुलाखतीत बोल.

योग करते, संगीत ऐकते, चालायला जाते, ही उत्तरं सगळे देतात. चुकीची नाहीत, पण ती ड्यूटी संपल्यावरची आहेत. विचारणाऱ्याला ड्यूटीच्या आतलं हवं असतं.

पगाराचं विचारलं आहेस. सांगितलं तर चालतं, फक्त योग्य जागी. ‘नोकरी का बदलताय?’ किंवा ‘अपेक्षा काय?’ असं विचारलं की लाजू नकोस, ‘माझा अनुभव आणि आयसीयूचं कौशल्य पाहता मला इतकी अपेक्षा आहे’ असं आकड्यासह सांग. सेवाभावी माणसाने पैशांबद्दल बोलू नये, ही समजूत बहुतेक वेळा पैसे देणाऱ्यांना सोयीची असते. पण ‘मोटिव्हेटेड कसं ठेवता?’ याला उत्तर म्हणून पगार पुढे करू नकोस. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडलं होतं की पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची देखरेख या गोष्टी कमी पडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या पुरेशा असल्या म्हणून मन लावून काम करेलच असं नाही. त्यासाठी कामातलं यश, त्याची दखल, जबाबदारी अशा वेगळ्या गोष्टी लागतात. त्यांचा अभ्यास इंजिनिअर आणि अकाउंटंट यांच्यावर होता. नाइट ड्यूटीवाल्या नर्सेसना विचारलं असतं तर नाराजीची यादी बरीच लांबली असती असा माझा संशय आहे, पण मूळ मुद्दा आपल्याकडेही लागू पडतो. पगार हे जुनी जागा सोडण्याचं कारण असू शकतं. पहाटे चार वाजता टाच बघण्याचं कारण दुसरं काहीतरी असतं, आणि प्रश्न त्या दुसऱ्या कारणाचा आहे.

हाच प्रश्न वेष बदलून येतो तेव्हा ओळखता आला पाहिजे. ‘रोज तेच काम करून कंटाळा येत नाही का?’, ‘वरिष्ठांनी तुमचं श्रेय घेतलं तर?’, ‘आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकांशी कसं वागता?’ हे सगळे त्याचेच भाऊबंद. प्रत्येकाला एक छोटा खरा प्रसंग तयार ठेव, बाकी फार डोकं लावू नकोस.

एकाला मात्र वेळ दे. ‘तुमचा पेशंट दगावतो तेव्हा तुम्ही काय करता?’ आयसीयूसाठी हा येतोच. इथे दोन प्रकारची माणसं घसरतात. एक म्हणतात, ‘आता सवय झाली.’ ते ऐकून खोलीत गारठा पसरतो. दुसरी त्या आठवणीने तिथेच भरून येतात. डोळ्यांत पाणी आलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण पुढे काय केलं हे सांगायचं राहून जातं आणि उत्तर अर्धवट राहतं. त्या वेळी तू प्रत्यक्षात काय काय करतेस ते आठव. नळ्या काढतेस, अंग पुसतेस, चादर नीट करतेस, केस सारखे करतेस, मॉनिटर बंद करून बाजूला सरकवतेस, आणि मग नातेवाइकांना आत बोलावतेस. त्यांना घाई करत नाहीस. कागद पूर्ण करतेस. आणि शेजारच्या बेडचा औषध सोडणारा इन्फ्युजन पंप वाजत असतो म्हणून तिकडे जातेस. हे असंच, याच क्रमाने सांग. ‘नंतर मला बोलावंसं वाटलं तर मी अमुक एका सीनिअर सिस्टरशी बोलते’ हे खरं असेल तर जोड. तत्त्वज्ञान नको. शेवटची चादर नीट करणारी बाई कामाबद्दल काय मानते, हे ऐकणाऱ्याला आपोआप समजतं.

प्रसंग सांगताना एक पथ्य कटाक्षाने पाळ. पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर, तारीख, दुर्मीळ आजार, ‘त्या मोठ्या माणसाचे वडील’, यातलं काहीही तोंडातून जाता कामा नये. ‘एक वयस्कर पेशंट’ एवढं पुरतं. आपण इथे दुसऱ्यांच्या पेशंटबद्दल ऐकतोय, म्हणजे उद्या ही आपल्या पेशंटबद्दल दुसरीकडे बोलेल, असा हिशेब समोरची माणसं करतात. वहीचा फोटो मोबाइलमध्ये दाखवायचा मोह होईल. त्यात नावं आहेत. कोऱ्या कागदावर चार रकाने आखून ने, तेवढ्याने काम भागेल.

जुन्या हॉस्पिटलबद्दल बोलताना खोटं गोड बोलायचीही गरज नाही आणि उणीदुणी काढायचीही. ‘तिथे एका सिस्टरकडे पेशंट जास्त असायचे, मला नीट काम करता येईल अशी जागा हवी आहे’ हे सरळ वाक्य आहे, त्यात कुणाची निंदा नाही. ‘मॅनेजमेंटला काही पडलेलीच नाही’ हे खरं असलं तरी गिळून टाक.

हे पत्र वाचणाऱ्या सगळ्याच काही बेडजवळ काम करत नाहीत. लॅबमध्ये, एक्स-रे विभागात, औषधांच्या काउंटरवर, अपॉइंटमेंटच्या खिडकीवर बसणाऱ्यांची पत्रं मला येतात, ‘आमचा पेशंटशी संबंधच काय, आम्ही काय सांगणार?’ त्यांच्याकडे उलट चांगली सामग्री असते. लॅबमधल्या माणसाने फक्त एवढं सांगावं की नळीवरचं लेबल आणि फॉर्मवरचं नाव जुळलं नाही तेव्हा त्याने ‘असेल’ म्हणून पुढे ढकललं नाही, वॉर्डात फोन केला, शिव्या खाल्ल्या आणि नमुना पुन्हा घ्यायला लावला. पेशंटचा चेहरा न बघता केलेली ही काळजी मला तरी हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा मोठी वाटते.

तयारी कशी करायची? लिहून पाठ करू नकोस. पाठ केलेलं उत्तर मध्येच अडवलं की कोसळतं, आणि पॅनेलवाले मध्येच अडवतात. तीन प्रसंग निवड: वहीचा, एका मृत्यूचा, आणि एखाद्या दिवशी फार कमी माणसांत ड्यूटी काढलीस त्याचा. मग आरोग्यक्षेत्राशी काही संबंध नसलेल्या मैत्रिणीला ते तोंडी सांग. ती जिथे ‘म्हणजे?’ विचारेल तिथे तू पोकळ बोलली आहेस असं समज. ‘मी पेशंटची पूर्ण काळजी घेतली’ म्हणालीस की ती विचारेलच, म्हणजे नक्की काय केलंस? तिला जे उत्तर देशील तेच मुलाखतीतलं उत्तर.

आणि शेवटी ते विचारतात ना, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तेव्हा ‘नाही, थँक्यू’ म्हणून उठू नकोस. तुझ्यासारख्या थकलेल्या माणसासाठी मुलाखतीतला हा सगळ्यात कामाचा भाग आहे. एका शिफ्टला एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरचे किती पेशंट असतात? सलग किती नाइट लागतात? ऐनवेळी कुणी आलं नाही तर ती जागा कोण भरतं? वाईट घटना घडल्यावर स्टाफला एकत्र बसवून कुणी बोलतं का? काही हॉस्पिटलांत यासाठी ठरलेल्या बैठका असतात. ‘श्वार्ट्झ राउंड्स’ नावाचा तसा उपक्रम १९९७ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सुरू झाला आणि पुढे इतर देशांतही गेला. त्यात डॉक्टर, नर्स, टेक्निशियन सगळे बसून एखाद्या केसने आपल्याला काय झालं याबद्दल बोलतात, उपचार बरोबर होते की चूक ही चर्चा तिथे नसते. असं काही इथे आहे का, असं विचारलंस तर समोरच्याला तुझी तयारीही दिसेल.

पेशंटची संख्या विचारल्यावर आकडा न सांगता कुणी ‘आम्ही सगळे इथे एका कुटुंबासारखे काम करतो’ असं म्हटलं, तर सावध हो. निवड झाली तरी लगेच सही करू नकोस. ड्यूटी सुटायच्या वेळी त्या हॉस्पिटलच्या गेटवर जा, बाहेर पडणाऱ्या एखाद्या सिस्टरला गाठ आणि तोच आकडा तिला विचार.